चोरीची सीडी आणि मॅडमचं पुस्तक

दुकानदारीत गिऱ्हाईक सामान घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं. पुलगावला स्टेशन रोडवर आमचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली, सामान केव्हाच भंगारात गेलं. किस्से मात्र अजून पडून आहेत. पार्टनर विलास भेटला की एकेक निघतो, चहा गार होतो आणि घरून फोन येतो.

विलासनं तेव्हा मराठी टाइप करायचं एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. नाव ठेवलं 'बोरू'. दोन वर्षं डोळे फोडून बनवलेलं! त्या हिशेबानं किंमत ठेवली तीन हजार. तीन हजार म्हणजे त्या काळी खासगी शाळेतल्या मास्तराचा महिन्याचा पगार. पण आम्हाला वाटलं, चीज चांगली आहे, लोक घेतील.

लोकांनी घेतलीच. पण आमच्याकडून नाही!

एकदा आम्ही देवळीला तहसीलच्या कामाला गेलो. बाहेर झाडाखाली एक अर्जनवीस कॉम्प्युटर मांडून बसलेला. स्क्रीनवर बघतो तर 'बोरू'! विलासनं साळसूदपणे विचारलं, "हे काय हो?"

"मराठीचं सॉफ्टवेअर हाय. एक नंबर! पाहिजे काय तुमाले?" त्यानं खणातून सीडी काढली.

"किती द्यायचे?"

"तुमच्याकून काय पैसे घेऊ राजेहो! घेऊन जा!"

विलासनं सीडी खिशात घातली. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाला, "माणूस मोठ्या दिलाचा हाय."

मग विलास इरेला पेटला. त्यानं 'बोरू'ला असं लॉक बसवलं की एका कॉम्प्युटरवर टाकलेलं दुसऱ्यावर चालणार नाही. महिनाभर आम्ही खूश. तेवढ्यात ऐन लग्नसराईत ठाकरेकाका दुकानात आले. प्रेसवाले, आमचे पहिले गिऱ्हाईक. घामानं भिजलेले, हातात अर्धवट पत्रिका. त्यांची हार्ड डिस्क बदलली होती, आणि लॉकला वाटलं, हा चोरच!

"विलास, ज्याइनं चोरलं, त्याइनं लॉक तोडून टाकलं. त्याइचं मस्त चालू हाय. मी पैसे देल्ले, तं माह्यंच बंद! हा कोणता न्याय बाप्पा?"

 विलासनं त्याच दुपारी लॉक काढून टाकलं. पुन्हा कधी बसवलं नाही.

फोनचा तर वेगळाच ताप. एक दिवस फोन आला, "तुमच्या बोरूत 'ज्ञ' कसा काढाचा?"

विलास म्हणाला, "बिल नंबर सांगा."

"बिल कायचं? मले तं दोस्तानं देल्लं. पण 'ज्ञ' तं तुमीच बनवला ना?"

विलासनं कपाळावर हात मारला आणि वीस मिनिटं त्याला 'ज्ञ' शिकवला. त्या वेळी मेश्राम मॅडम दुकानात बसल्या होत्या. नाचणगावच्या, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या, आपली जुनी भाषणं टाइप करायला यायच्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "विलास, रोज तेच तेच सांगून राह्यला. लिहून काऊन नाई देत?"

"आहे ना मॅडम मॅनुअल. चार पानांचं."

"ते वाचलं मी. ते तुले समजते फक्त."

आणि मॅडमनी पुस्तक लिहायला घेतलं. लिहिलेलं प्रत्येक पान त्या ठाकरेकाकूंना वाचायला द्यायच्या, कारण काकूंनी माउसला कधी हात लावला नव्हता. काकू जिथं अडल्या, ते पान फाडायचं! विलास वैतागला की मॅडम म्हणायच्या, "वाचणाऱ्याले समजलं नाई, म्हणजे लिहिणारा कच्चा." पुस्तकाचं पहिलं वाक्य होतं : 'घाबरू नका, तुमच्या बोटानं काही बिघडत नाही.' ते वाचून काकूंनी पहिल्यांदा की-बोर्डवर बोट ठेवलं.

किंमतही मॅडमनीच पाडली. पुस्तक आणि सीडी मिळून दोनशे रुपये! विलास दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू मीच दुकान विकलं.

आठवड्याभरात देवळीचा तो अर्जनवीस दारात हजर. आम्हाला बघून चरकला. मग हसत म्हणाला, "खोटं कायले बोलू? दोस्ताच्या पुस्तकाची कॉपी काढाले गेलतो. झेरॉक्सवाला म्हणे शंभर पानं, पानाले दोन रुपये, बाइंडिंगचे अलग. त्याच्यापेक्षा तुमचं ओरिजिनल सस्तं पडते!"

त्यानंतर असे बरेच आले. "सॉफ्टवेअर हाय माह्याकडे, फक्त पुस्तक पाहिजे," असं खाली बघून म्हणायचे आणि पूर्ण सेट घेऊन जायचे. एक दिवस विलास खुशीत म्हणाला, "मॅडम, चोरी थांबली!"

मॅडम म्हणाल्या, "थांबली नाई रे. लाजाले लागली."

आणि मग ती पोरगी आली.

मे महिन्यातली दुपार. रोहणा गावची मुलगी, पुलगावला मावशीकडे राहून टायपिंगच्या क्लासला जाणारी. काउंटरपाशी आली. मग पिशवीतून एक जाड वही काढली.

"सर, मैत्रिणीच्या पुस्तकातलं एकेचाळिसावं पान फाटलं हाय. तुमच्यातलं पाहू देता काय?"

विलासनं वही उघडली. मॅडमचं सगळं पुस्तक तिनं हातानं उतरवलं होतं. स्केलपट्टीनं आखलेला की-बोर्ड, प्रत्येक चौकटीत पेन्सिलनं अक्षर, मथळ्यांना लाल शाई. पहिल्या पानावर 'या पुस्तकाची नक्कल करू नये' हेसुद्धा सुरेख अक्षरात लिहिलेलं!

विलासनं वही शेजारी टाइप करत बसलेल्या मॅडमकडे दिली. मॅडमनी चष्मा पुसला आणि एकेक पान उलटत गेल्या. चाळिसाव्या पानानंतर एक पान कोरं सोडलेलं होतं.

विलासनं कपाटातून नवं कोरं पुस्तक काढलं, वर सीडी ठेवली आणि तिच्यापुढं सरकवलं. "घे. पैसे नको देऊ."

तिनं पुस्तक उघडून एकेचाळिसावं पान काढलं, स्टूल ओढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"नको सर," ती म्हणाली, "आता एकच पान राह्यलं."