घरात ‘बोर्ड’ म्हणायचं नाही

फेब्रुवारी १९९०मध्ये माझ्या धाकट्या बहिणीने दहावीच्या पूर्वपरीक्षेत भूमितीचा पेपर कोरा दिला. पहिल्या पानावर नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक होता. त्यापुढे काही नव्हते. वेळ संपेपर्यंत ती बाकावर बसून होती. मध्ये उठली नाही, पाणी मागितले नाही. वर्गावर असलेल्या शिक्षकांनी नंतर सांगितले की ती लिहीत असावी असेच त्यांना वाटले, कारण तिची मान खाली होती.

ती पाचवीपासून वर्गात पहिली येत होती. विभागाच्या गुणवत्ता यादीत नाव लागले की मूल ‘बोर्डात आले’ असे तेव्हा म्हणत, आणि परतूरमधून ती बोर्डात येणार हे नववीतच ठरून गेले होते. कुणी ठरवले ते सांगता येत नाही. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, एका अडत दुकानावर मुनीम होते. हमालापासून कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत सगळे त्यांना विचारत, “मुनीमजी, पोरगी बोर्डात येऊन राह्यली म्हणे.” वडील हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. चहा मात्र सांगत.

जानेवारीत त्यांनी तिला स्टुडिओत नेऊन गणवेशात फोटो काढून घेतला. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्राला द्यायला हाताशी असावा म्हणून. मी त्या वेळी एका दैनिकाला परतूरच्या बातम्या पाठवत असे, आणि आदल्या वर्षी एका मुलाची बातमी फोटोशिवाय गेल्याचे मीच घरी सांगितले होते. फोटोवाला तिला म्हणाला, “जरा हसा ताई, पेपरात छापायचंय.” ती हसली नाही. फोटो आला तसा आईने पेटीत ठेवून दिला.

कोऱ्या पेपरविषयी ती घरी एवढेच बोलली की प्रश्न वाचता येत होते, हात चालत नव्हता.

पुढचे दिवस घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. ती पुस्तक उघडून बसे आणि आई स्वयंपाक करून येईपर्यंत तेच पान समोर असे. तळहाताला इतका घाम येई की वहीची पाने ओली होऊन फुगत. सकाळी शाळेला निघायच्या आधी तिला उलटी होई. डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. त्या संपल्या, उलट्या थांबल्या नाहीत. आई तिच्या शेजारी झोपू लागली. ती परसात गेली की आई काहीतरी निमित्त काढून मागे जाई. का, हे आई बोलली नाही आणि आम्ही विचारले नाही. वडील दुकानातून लवकर येऊ लागले. आल्यावर आधी दारातूनच ती कुठे आहे ते पाहत, मग चपला काढत.

परीक्षेची प्रवेशपत्रे शाळेत आल्याचे कळले त्या दिवशी ती म्हणाली, “मी बसणार न्हाई. ऑक्टोबरला बसते.” ऑक्टोबरची परीक्षा नापास झालेल्यांची असे. वडिलांनी ऐकले आणि पुन्हा चपला घालून बाहेर गेले.

त्याच आठवड्यात भूमितीच्या बाई घरी आल्या. त्या सेलूहून गाडीने ये-जा करत. शाळा सुटल्यावर आणि गाडीच्या आधी जेवढा वेळ होता तेवढा त्या बसल्या. कोऱ्या पेपरचा विषय त्यांनी काढला नाही. मुलगी दिवसभर काय करते, असे आईला विचारले. अभ्यास, आई म्हणाली. आणि आधी काय करायची? आधी ती शेजारी जायची. शेजारी कपडे शिवणारी एक बाई राहत असे, तिला आम्ही खाला म्हणत असू. बहीण तिच्याकडे बसून ब्लाऊजांना हूक लावायची, काजे करायची. शाळेत खो-खो खेळायची. दोन्ही दिवाळीपासून बंद केले होते, अभ्यासासाठी.

बाईंनी सांगितले, दुपारचे शेजारी जाणे पुन्हा सुरू करा. वडिलांना ते पटले नाही. ते म्हणाले, “बाई, परीक्षा तोंडावर आली. आता हूक लावत बसायचं का?”

“लावू द्या,” बाई म्हणाल्या. “तिला आत्ता असं एक काम पाहिजे जे तिच्या हातून पुरं होतं.”

दुसरे, परीक्षा होईपर्यंत घरात ‘बोर्ड’ हा शब्द कुणी काढायचा नाही. आणि रोज संध्याकाळी तिला एकच विचारायचे: आज काय बराबर झालं. अभ्यासाचे सांगितलेच पाहिजे असे नाही. जे सांगेल ते ऐकायचे, त्यावर पुढे काही जोडायचे नाही. हे शेवटचे बाई वडिलांकडे पाहून बोलल्या. निघताना बहिणीला म्हणाल्या की पेपर त्यांनी तपासलेला नाही, कारण तपासण्यासारखे त्यात काही नव्हते, त्यामुळे तिला भूमिती येत नाही असे त्या म्हणू शकत नाहीत.

बऱ्याच वर्षांनी, २००५च्या सुमारास, जालन्याला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाची बातमी करायला मी गेलो होतो. तिथल्या वक्त्यांनी ‘सकारात्मक मानसशास्त्र’ असा शब्द वापरला आणि फळ्यावर दोन बाण काढले. गुण मिळाले की मूल खूश होते, हा एक बाण. त्यांना दुसऱ्या बाणाविषयी बोलायचे होते: मुलाचे मन ठिकाणावर असेल, आपल्याला काही येते याचा त्याला अनुभव असेल, आपले कुणी आहे असे वाटत असेल, तर शिकणे होते आणि गुण त्यामागून येतात. मुलात काय बिघडले ते शोधण्याआधी काय चालते आहे ते शोधा, असे ते म्हणाले. एका उपायाने अमुक एका मुलाचे गुण वाढले असे मात्र सिद्ध करता येत नाही, हेही त्यांनी सांगितले. मी ते उतरवून घेतले आणि छोटी बातमी दिली. भूमितीच्या बाईंनी हा शब्द ऐकला असण्याची शक्यता नाही. १९९०मध्ये तो आमच्याकडे कुणी वापरत नव्हते. त्यांनी आमच्या घरी जे सांगितले ते कुठून घेतले, हे मी त्यांना विचारले नाही.

शब्द टाळणे अवघड गेले. आई परीक्षेला ‘ते’ म्हणू लागली. वडील दुकानाच्या बोर्डालाही पाटी म्हणू लागले, आणि मालकाने एकदा त्यांना बरे वाटते ना असे विचारले. एका दुपारी दार वाजले. आईने कोण म्हणून विचारले. मीटर पाहायला वीजखात्याचा माणूस आला होता; त्यांना तेव्हा सगळे बोर्डाचीच माणसे म्हणत.

“बोर्डाचा माणूस,” तो बाहेरून म्हणाला.

आईने दार अर्धे उघडले. “हळू बोला. आमच्या घरात ते नाव काढत न्हाईत.”

“मंग मीटर कोणाच्या नावानं पाहू, वहिनी?”

आतल्या खोलीतून हसू ऐकू आले. पूर्वपरीक्षेनंतर तिचे हसणे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. आईने त्या माणसाला बसवून चहा दिला. तो का मिळाला हे त्याला कळले नसावे.

संध्याकाळच्या प्रश्नाला पहिले काही दिवस तिचे उत्तर “काही न्हाई” असे होते. वडील ते ऐकून मान हलवत आणि ताट पुढे ओढत. उत्तर येईपर्यंत हात ताटावर थांबलेला असे. नंतर एकदा ती म्हणाली, हूक लावले, खालाने एकही उसवायला लावला नाही. खालाला मी दुसऱ्या दिवशी विचारले, खात्री करण्यासाठी. ती म्हणाली, “उसका टाका सीदा आता. मेराच टेढा जारा अब, आँखाँ गए मेरे.”

उलट्या कमी झाल्या. ती जेवू लागली. इतिहासाचे, मराठीचे पुस्तक ती आपणहून उघडे. भूमितीचे उघडत नव्हती. ते कोनाड्यात पडून होते आणि घरातला प्रत्येक माणूस येता-जाता त्याच्याकडे पाहत होता. वडिलांनी एकदा त्यावरची धूळ पुसली आणि लगेच ते होते तसे ठेवले. ती परीक्षेला बसणार की नाही हे तिने सांगितले नव्हते. विचारायची कुणाची तयारी नव्हती, कारण उत्तर ‘नाही’ असे आले असते तर पुढे काय हे कुणालाच माहीत नव्हते.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तीर्थपुरीहून मामा आला. आईने त्याला काही कळवले नव्हते, बाजारात ऐकून तो आला होता. तो ओसरीवर बसला आणि आवाज खाली घेऊन वडिलांना म्हणाला, “दाजी, तुम्ही बिलकुल काळजी करू नका. माझ्या वळखीचा एक माणूस हाय. भूमितीच्या दिवशी खिडकीखाली उभा राहील. चिठ्ठी बराबर आत पोचंल. खर्चा माझा.”

त्या वर्षांत परीक्षा केंद्रांच्या खिडक्यांखाली माणसे उभी असत, हे सगळ्यांना माहीत होते. विशेष हे की वडील नको म्हणाले नाहीत. कॉपी करणाऱ्यांची नावे ते घरात घेऊ देत नसत. 

बहीण नुकतीच शेजारून आली होती. दारात उभी राहून तिने सगळे ऐकले. हातात खालाची कापडावर खुणा करायची खडूची वडी होती.

“कशाची चिठ्ठी, मामा?”

“प्रमेयाची. तू फकस्त पाहून उतरून काढायचं.”

“मला येतंय ते.”

“येतंय तर कोरा काऊन दिला?”

आई म्हणाली, “दादा, गप.” पण प्रश्न विचारून झाला होता. पूर्वपरीक्षेपासून तो आमच्यापैकी कुणी तिला सरळ विचारला नव्हता. तिने खडूची वडी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “तवाबी येत होतं.”

मामाने मांडी बदलली. “मंग सांग बरं मला. मी सातवी नापास. मला समजंल असं सांग.”

ती खाली बसली आणि शहाबादी फरशीवर तिने एक त्रिकोण काढला. त्याच्या टोकावरून, पायाला समांतर अशी एक रेघ ओढली. मामा म्हणाला, हा एक बांध झाला आणि तो एक बांध. ती म्हणाली, हो, आणि हे दोन्ही कितीही पुढे नेले तरी एकमेकांना मिळत नाहीत.

“भावकीचे दिसतात,” मामा म्हणाला.

ती न थांबता पुढे गेली. हा कोन त्या कोनाएवढा, हा त्याच्याएवढा, का, ते सांगितले, आणि तिन्हींची बेरीज सरळ रेषेत बसवून दाखवली. मध्ये एकदा तिने खडूचा हात ओढणीला पुसला. हात कोरडा होता की ओला, हे मला बसल्या जागेवरून दिसले नाही.

मामाने रेघांवरून एकदा बोट फिरवले. “मला काय बी कळलं न्हाई,” तो म्हणाला. “पण तू कुठं अडली न्हाईस, एवढं दिसलं.” मग वडिलांकडे न पाहता त्याने तिलाच विचारले, “मंग त्या माणसाला न्हाई म्हणून सांगू?”

“सांगा,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी वडिलांनी रोजचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, मामाला प्रमेय शिकवले. त्याला आले का, असे वडिलांच्या तोंडून निघून गेले. “न्हाई,” ती म्हणाली आणि जेवू लागली. परीक्षेला बसणार का, हे तिने तेव्हाही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिने प्रवेशपत्र आणले.

भाषेचे पेपर तिने दिले. भूमितीच्या दिवशी सकाळी तिला पुन्हा उलटी झाली. वडील आणि मी तिला केंद्रापर्यंत सोडायला गेलो.  फाटकाशी वडिलांनी काहीतरी सांगायला तोंड उघडले आणि शेवटी पाणी घेतले का एवढे विचारले. तिने बाटली दाखवली आणि आत गेली.

आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. घंटा झाली. खिडक्यांखाली गर्दी होती, एक पोलीस माणसांना मागे सारत होता. वडिलांनी घेतलेला चहा तसाच निवला. अर्ध्या वेळानंतर काही मुले बाहेर येऊ लागली, आणि प्रत्येक वेळी फाटक वाजले की वडील उभे राहत. ती त्यांत नव्हती. पण ती बाहेर आली नाही यावरून काहीच समजत नव्हते. पूर्वपरीक्षेतही ती पूर्ण वेळ आतच होती. हे मला सुचले तसे वडिलांनाही सुचले असावे, कारण नंतर ते फाटकाकडे पाहीनासे झाले. त्यांनी मला विचारले की आत तिची खोली कोणत्या बाजूला असेल. मला माहीत नव्हते.

शेवटच्या घंटेनंतर ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली. बाटली रिकामी होती. पेपर कसा गेला हे वडिलांनी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. ऊन आहे, रिक्षा करू, असे ते म्हणाले. ती चालतच निघाली.

तिच्या खोलीवरचे पर्यवेक्षक वडिलांच्या ओळखीचे निघाले. दोन दिवसांनी ते तूर घालायला दुकानावर आले, तेव्हा वडिलांनी माप थांबवून त्यांना विचारले. त्यांनी सांगितले की मुलीने दोन पुरवण्या मागून घेतल्या. दुसरी पूर्ण भरली नव्हती.

जूनमध्ये निकाल लागला. गुणवत्ता यादीत तिचे नाव नव्हते. भूमितीत तिला पंचाहत्तरपैकी बासष्ट गुण होते.