साठ नंबरचा सा

माधव नगरातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीला पेटी वीस वर्षं मीच वाजवत होतो. त्या वर्षी कार्यकारिणीला मॉडर्न व्हायची हुक्की आली आणि इंदूरहून एक गृहस्थ कॉम्प्युटर घेऊन आले. त्यांचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही.

खिशाला चार पेनं. कॉम्प्युटरला तारेनं सिंथेसायझर जोडलेला, पण त्याच्या पट्ट्यांना ते हात लावत नव्हते. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून एंटर दाबला, की सूर आपोआप वाजायचा. "हे लिनक्स आहे. सा म्हणजे साठ नंबर. उंगली लावायची गरजच नाही," ते म्हणाले, तेही माझ्या बोटांकडे बघत.

आरती सुरू झाली. त्यांनी साठ नंबर पाठवला. सा वाजला, तो थांबेचना! गृहस्थ घामाघूम. प्लग काढावा, तर मखराचे दिवेही त्याच एका प्लगवर.

"सूर बंद करायचा हुकूम वेगळा द्यावा लागतो," ते पुटपुटले. "तोच लिहायचा राहिला."

मी मनसोक्त हसलो. आरती मध्येच थांबवत नाहीत, त्यामुळे पाचही आरत्या आणि मंत्रपुष्पांजली त्या एका 'सा'वर पार पडली.

प्रसाद देताना सेक्रेटरीबाई खुशीत होत्या. "यंदा पहिल्यांदाच सगळे सुरात गायले हो, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा."