इब्राची शंभर पझेशन्स

एका टीमबरोबर चार वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत. एक आठवला की राग येतो आणि त्या रागातून पुढचा आठवतो. माझे सगळे मस्कतमधल्या आमच्या कंपनीच्या बास्केटबॉल टीमचे, नव्वदच्या दशकातले. मी वसईची, ऑफिसात टायपिस्ट. नवरा विल्सन टीमचा कॅप्टन. शाळेत खेळले होते, म्हणून मॅचची वही माझ्याकडे.

*

कोच मंगळूरचे, आमच्याच कंपनीत मॅनेजर. एकदा आमच्या खेळाडूचा शॉट चुकला, रिबाउंड आमच्याच माणसाने घेतला, पुन्हा मारला, पुन्हा चुकला, तिसऱ्यांदा गेला. कोचनी तीन पझेशन्स धरली. मी म्हटलं, पझेशन म्हणजे बॉल समोरच्यांकडे जाईपर्यंतची आपली पाळी; तो गेलाच नाही, म्हणजे पझेशन एकच.

"मॅडम, तुम्ही संत्री कापा."

मी संत्री कापली. वहीत एकच लिहिलं.

*

फ्री थ्रोचं तेच. फाउलवर एकाला दोन फ्री थ्रो मिळाले की कोच दोन पझेशन्स मोजायचे. माबेलाला घरी जाताना गाडीत मी विल्सनला समजावलं. त्याला पटलं. प्रॅक्टिसला कोचनी विचारलं, तेव्हा हा बुटाची लेस बांधत बसला. तो आठवडाभर मी त्याच्याशी फक्त मुलांच्या शाळेबद्दल बोलले.

*

इब्रा गावाची टीम बॉल मिळाला की पळत सुटायची. आमचेही पळाले. पंच्याऐंशी पॉइंट खाऊन हरलो. कोचनी खापर अन्वरवर फोडलं. अन्वर रत्नागिरीचा, गोडाउनमध्ये कामाला, आमचा सगळ्यात चांगला डिफेंडर.

मी वही दाखवली. आधीच्या मॅचला पेस, म्हणजे खेळाचा वेग, कमी होता, समोरच्यांना सत्तर पझेशन्स आणि सत्तर पॉइंट. इब्रात पझेशन्स शंभर, पॉइंट पंच्याऐंशी. म्हणजे दर पझेशनमागे आपण कमीच दिले.

"पंच्याऐंशी म्हणजे पंच्याऐंशी," कोच म्हणाले, आणि अन्वरला बाकावर बसवलं.

अन्वरने मला विचारलं, त्याचं नक्की चुकलं कुठे. कुठेच नाही, मी सांगितलं. तेवढ्यावर त्याला कोणी खेळवणार नव्हतं.

*

पुढच्या कमिटी मीटिंगला कोचनी माझीच वही उघडून पेस, पझेशन, सगळं "माय अ‍ॅनालिसिस" म्हणून वाचलं. टाळ्या पडल्या. विल्सननेही वाजवल्या.

घरी येऊन मी नवी वही काढली. त्यात सगळं मराठीत लिहिलं, आकडेसुद्धा.

*

महिन्याने पुन्हा मीटिंग. खेळाडूंनाही बोलावलं होतं. कोचनी आधी न बघताच मी दिलेली नवी वही उघडली. एक पान उलटलं, मग दुसरं. शेवटी त्यांनी अन्वरला उभं केलं. आम्हा तिघांशिवाय तिथे मराठी कोणालाच येत नव्हतं, आणि विल्सन खाली बघत होता. वाचून हिंदीत सांग, मोठ्याने, असं कोचनी फर्मावलं.

अन्वरने इब्राचे आकडे सांगितले. तो बाकावर गेल्यानंतरच्या तीन मॅचेसचे सांगितले. तिन्हींत आम्ही दर पझेशनमागे जास्त पॉइंट दिले होते. कमिटीचे चेअरमन खुर्चीत पुढे सरकले. मग अन्वर थांबला.

"आगे पढ़ो," कोच म्हणाले.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "लिखा है, कोच को पझेशन गिनना नहीं आता."



"खलास?" कोचनी विचारलं.

"नहीं सर, अभी दो पन्ने हैं."