मोठ्या घरची मासवडी
मासवडीच्या सारणाचं तीळ-खोबरं भाजल्याचा वास आला की ती परदेशी पोरगी आठवते. आमच्या अवसरीच्या शाळेत दोन महिने शिकायला आली व्हती, अन् राहायला धाकट्या भावाच्या घरी. त्याचं-माझं बोलणं बंद. सगळं गाव तिला बघायला त्याच्या अंगणात जमायचं, मी ओट्यावर बसून जळायचो. एका दुपारी दप्तर घेऊन तीच माझ्या दारात आली. "बाबा, काकी म्हणाली, मासवडी मोठ्या घरचीच खा." काकी म्हंजे भावाची बायको, अन् मोठं घर म्हंजे आमचं, थोरल्याचं. बायकोनं लगेच बेसन काढलं. मी म्हणालो, "जिथं उतरलीस तिथंच जेव." पोरगी परत गेली. बायकोनं मासवडी केलीच, अन् ताट झाकून तिकडं नेलं. "हट्टापायी पावणी दारातनं उपाशी धाडली," असं ती अजून म्हणते. म्हणू दे. भाऊ स्वतः तिच्यासंगं आला असता, तर दोघांचे पाट मीच मांडले असते.