मकावातली भवानी

पडदा वर जातो तेव्हा समोर निळंभोर आकाश असतं. पांढरे ढग, खाली पाण्याचा कालवा, कालव्यात होडी आणि होडीत पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमधला नावाडी घसा ताणून गातो आहे. हे सगळं मकाव शहरातल्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर. आकाश रंगवलेलं, पाणी नळाचं. जुन्या नाटक मंडळ्यांकडेही असा पडदा असायचा, त्यावरचं तळं कोपऱ्यात फाटलेलं. पण प्रयोग संपला की तो गुंडाळून ठेवत. इथे गुंडाळतच नाहीत.

डावीकडून प्रवेश केला गोदाबाई रासकरांनी. वय सदुसष्ट, अंगावर नऊवारी, पायात सुनेचे पांढरे बूट. पुण्याच्या मंडईत एकेचाळीस वर्षं पालेभाजी विकणारी बाई. कुणी मेथी महाग म्हटलं तर म्हणायच्या, "मग चित्रातली न्या, ती स्वस्त पडेल." आणि त्याच माणसाच्या पिशवीत मूठभर कोथिंबीर फुकट टाकायच्या.

मागून मुलगा विक्रम आणि सून तनुजा. तीन रात्रींची ही सहल आपल्याला कशासाठी घडते आहे, हे गोदाबाईंना विमानातच कळलं होतं. विक्रमच्या पाठपिशवीत एक कागद होता. मंडईतला गाळा एका ज्यूसवाल्याला सोडून द्यायचा, त्यावर आईची सही हवी होती. आईने जरा जग पाहिलं, मऊ गादीवर पाठ टेकली, की भाजीचं वेड आपोआप उतरेल, असा त्याचा हिशेब.

"किती छान आहे ना, आई?" तनुजा म्हणाली.

"छान आहे. ढग तेवढे सकाळपासून हललेले नाहीत."

मग विक्रमने त्यांना खाली जुगाराच्या दालनात नेलं. गंमत म्हणून पैशांऐवजी डावावर लावायची एक चकती हातात दिली. गोदाबाईंनी ती रुमालात बांधून कमरेला खोचली. जुगार त्यांच्या घरात कुणी खेळलेलं नव्हतं.

दालनात गर्दी मरणाची, पण एका टेबलाकडे कुणी फिरकत नव्हतं. काचेच्या झाकणाखाली तीन फासे, समोर रकाने आणि मागे काळ्या जाकिटातली एक पोरगी हात बांधून उभी. गोदाबाई दोनदा तिच्यासमोरून गेल्या. तिसऱ्यांदा थांबल्या.

"हिची अजून भवानी झालेली दिसत नाही," त्या म्हणाल्या.

भवानी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. ती होईपर्यंत मंडईत चहासुद्धा गोड लागत नाही. शेजारणीची भवानी अडली, तर स्वतःपुढे पालकाचा ढीग असताना गोदाबाई तिच्याकडून पालक विकत घेत. इथेही त्यांनी रुमाल सोडला, चकती कपाळाला लावली आणि टेबलावर ठेवली. ती पडली 'छोटा आकडा' या रकान्यात. फासे खुळखुळले. छोटा आकडा आला. पोरीने एकीच्या दोन चकत्या करून पुढे सरकवल्या.

गोदाबाईंनी त्या मागे सरकवल्या. पोरीने पुन्हा पुढे केल्या. पुन्हा मागे. कोटातला एक साहेब लगबगीने आला. विक्रमचे कान लाल झाले.

"आई, तू जिंकलीस. घे त्या."

"दुकान उघडल्या उघडल्या गल्ल्यातलं उचलायचं? तिचा दिवस वाया जाईल, रे."

"तिचं दुकान नाही हे. ती नोकरीला आहे."

"मग भवानी कुणाची?"

"कंपनीची."

"ती कुठे बसते?"

"ती इथे नसते, आई."

गोदाबाईंनी पोरीकडे पाहिलं. ती हसली, शिकवल्यासारखी.

"म्हणजे गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय, हिला दोन्ही सारखंच," त्या म्हणाल्या आणि दोन्ही चकत्या विक्रमच्या हातावर ठेवून बाहेर पडल्या.

कालव्याकाठच्या बाकावर तनुजाने त्यांना उंच ग्लासात ज्यूस आणून दिला. वर कागदाची छत्री. हीच वेळ, असं समजून विक्रमने कागद काढला.

"माणूस चांगला आहे, आई. तुला काही करावं लागणार नाही."

"गाळ्यावर कोण उभं राहील?"

"त्याची पगारी पोरं असतील की."

"उभी कशी राहतील? त्या पोरीसारखी?"

तनुजाने छत्री उघडमीट करून पाहिली. गोदाबाईंनी कागदाची घडी घातली आणि सही न करताच तो विक्रमच्या पिशवीत परत ठेवला. ज्यूस मात्र तळापर्यंत संपवला. टाकून द्यायची त्यांना सवय नव्हती.

मग तोंड पुसून म्हणाल्या, "परतीचं विमान एखादा दिवस अलीकडचं मिळतंय का बघ. माझी गिऱ्हाइकं सकाळपासून विचारून जात असतील, आणि शेजारची मुक्ताबाई त्यांच्या गळ्यात कालची जुडी मारत असेल."