दाराची दोरी

आमच्या नव्या घरावर करणी झाली होती आणि ती मी स्वतः चिमट्यात धरून नदीत सोडली.

लढाईची वर्षं होती. नगरला एका वकिलांकडे मी कारकून होतो. बांधकामाचे इतके दावे माझ्या हाताखालून गेले होते, की नुसती वीट दिसली तरी मला कोर्टाची तारीख आठवे! म्हणून घोडेगावजवळच्या आमच्या गावी घर बांधायला काढलं तेव्हा रजा टाकून तिथंच राहिलो आणि ठरवलं, भांडणाला जागाच ठेवायची नाही. धाकट्या बहिणीचं, शांताचं लग्न याच घरात व्हायचं होतं. काम अडलं असतं तर वऱ्हाड उघड्या चौथऱ्यावर उतरलं असतं.

करारनामा मीच लिहिला. कलमं अठरा. उस्मानचाचा गवंडी आणि नाना सुतार यांनी कामाबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, काय असेल ते मला लेखी कळवायचं. (दोघांनाही लिहिता येत नव्हतं. त्यामुळे हे कलम मला फारच बिनतोड वाटलं!)

"आन् चौकटींची मापं?" नानानं विचारलं.

"कागदात आहेत."

"भाऊसाहेब, दगड कागद वाचत न्हाई," चाचा म्हणाले. "दोन बोटं इकडंतिकडं व्हनारच."

मी शाईची डबी पुढे सरकवली. दोघांनी अंगठे उठवले.

भिंती छातीपर्यंत आल्या आणि विचित्र प्रकार सुरू झाले. आमच्या गावात भर दुपारी बाराला रिकाम्या वास्तूत कोणी पाऊल टाकत नाही. गडी भाकरी खायला गेले, की शेजारच्या छपरात मी एकटाच असे. तेव्हा आतून आवाज येई. ठक्. ठक्. ठक्. मग शांत.

एकदा धीर करून आत गेलो. कोणी नव्हतं. खिडकीच्या भगदाडाशी एक खुंटी आणि तिला टांगलेली गेरूनं माखलेली लाल दोरी. दोरीला सात गाठी, शेवटच्या गाठीत कडुनिंबाची ढलपी. वाऱ्याचा लवलेश नव्हता, तरी दोरी हलत होती!

दुसऱ्या दिवशी दोरी नाहीशी. चार दिवसांनी खिडकीची चौकट आली आणि भगदाडात अशी बसली, की मधे सुई जाईना. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन माणसांचं हे काम? माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या खिडकीलाही तेच. ठकठक, दोरी, गाठी, आणि चौकट चपखल!

"अहो, कोणीतरी केलंय हे," बायको कुजबुजली. "शांताच्या लग्नावर टपलंय."

तिसरी दोरी थेट मुख्य दाराला दिसली. गाठी अकरा! मी चुलीतला चिमटा आणला, डोळे मिटून दोरी उचलली, मागं वळून न पाहता नदीपर्यंत गेलो आणि दिली सोडून. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

लग्नाच्या आदल्या दिवशी नाना दाराची चौकट घेऊन आला. उभी केली, तर भिंतीतल्या जागेपेक्षा हातभर बुटकी!

"दोरी टांगली व्हती की मी!" चाचा ओरडले. करार पहिल्यांदाच मोडला.

"मला न्हाई गावली," नाना म्हणाला. "बोलायची तर बंदी. मंग शाळंतल्या मास्तरांकडनं भाऊसाहेबांचा कागद वाचून घेतला आन् तसंच केलं."

"कसली दोरी?" मी विचारलं.

"मापाची! गाठी मोजायच्या, ढलपी म्हंजी माप संपलं. भाकरीच्या वक्ताला खुंटी ठोकून टांगायचो आन् नमाजाला जायचो. तुमीच बोलू देईना, मंग काय करनार?"

मी खाली मान घालून चिमट्याची हकिगत सांगितली. आता दोघं काम टाकून जाणार आणि शांताचं लग्न मोडणार, या कल्पनेनं मला रडू यायच्या बेतात होतं. पण चाचांनी नानाकडे पाहिलं, नानानं चौकटीकडे. "वरनं दोन थर दगड भरतो." "भरा. मी धरतो." झालं! अठरा कलमांत जे बसलं नव्हतं, ते दोन वाक्यांत मिटलं.

मी करारनामा काढून दाराचं माप पाहिलं. ते मी घाईघाईत ऑफिसातल्या एका जुन्या दाव्यावरून उतरवून घेतलं होतं. दावा गोठ्याचा होता.

लग्न थाटात झालं. सगळं वऱ्हाड वाकून आत आलं आणि व्याही म्हणाले, "घराला संस्कार आहेत!" अजूनही भर दुपारी आमच्या दारातून ठक् असा आवाज येतो, पण आता कोणी घाबरत नाही. 'ज्याची चूक, त्यानं भरून द्यावी,' हे आठवं कलम माझंच. गेली तीस वर्षं मी ती कपाळानं भरून देतो आहे.