राखण

टार्निट उपनगरातला सुखदेव युनिव्हर्सिटीत असताना डायल-अपवर ऑनलाइन गेम खेळायचा. घरात कुणी फोन उचलला की लाइन तुटायची आणि त्याचा खेळाडू पडद्यावर जागीच गोठायचा. मग तो परत येईपर्यंत जोडीदार त्याची राखण करायचा. सोडून जाईल तो हलकट, असा सरळ हिशेब होता.

आता बायको वारलीय, मुलगा दूर पर्थला. रविवारी बापलेक ऑनलाइन खेळतात, तेवढीच भेट. आज खेळता खेळता मुलाचा खेळाडू गोठला. सुखदेव तलवार उपसून शेजारी उभा राहिला. चहा गार झाला, अंधार पडला.

शेवटी मेसेज आला, "सॉरी बाबा, मित्र आले, निघालो. यू स्टिल ऑन?"

"छे रे, मीही केव्हाच उठलो," सुखदेवने लिहिलं. तलवार मात्र म्यान केली नाही.